बांधावर बसलेला कर्नल

“...पोरं आमची मरायची, बाबा, आणि हुकूम कुणाचे? दूर कुठेतरी टेबलाभोवती बसलेल्यांचे. का म्हणून?”

कर्नल शहाजी डफळे टेकडीवरच्या दर्ग्यात नूरशहा फकिरांसमोर बसले होते. पुढच्या आठवड्यात पलटण घेऊन त्यांना आफ्रिकेतल्या एका धुमसत्या मुलखात जायचं होतं. जगातल्या सगळ्या देशांच्या वतीनं, निळ्या टोप्या घालून, शांतता राखायला. निघण्याआधी गुरूच्या पाया पडायला आले होते, पण मनात खदखद होती.

“आपला देश आता लहान राहिला नाही. आधी त्या टेबलाशी खुर्ची द्या म्हणावं, मग सैन्य मागा.”

“खुर्ची मिळाली, की काय होईल?”

“जग ओळखेल आम्हाला.”



तेवढ्यात पायथ्याशी आरडाओरडा उठला. मेंढपाळांची मेंढरं गावकऱ्यांच्या कांद्यात शिरली होती. बांधाच्या अलीकडे मेंढपाळांच्या काठ्या, पलीकडे गावकऱ्यांच्या कुऱ्हाडी.

“जा, शहाजी. मिटवून ये.”

डफळे ताडताड उतरले. आवाज चढवला, हुद्दा सांगितला, सगळ्यांना आत टाकीन म्हणाले. दोन्हीकडचे गप झाले, मागे सरले. डफळे छाती काढून वर आले.

“मिटलं.”

“त्यांचं... की तुझं?”

तोच खाली पुन्हा गलका झाला. या वेळी त्यात एक किंकाळी होती.

बाबांनी खांद्यावरची चादर सावरली. काठी टेकत टेकडी उतरले, थेट बांधावर गेले, चादर अंथरली आणि दोन्ही जमावांच्या मधोमध बसले. ना दटावणी, ना उपदेश. शेजारची जागा नुसती हातानं थोपटली.

डफळे बसले.

एक धोंडा भिरभिरत आला आणि त्यांच्या कपाळावर लागला. रक्त भुवईवरून ओघळलं. मुठी आवळून ते अर्धे उठले...

बाबांनी वळूनही पाहिलं नाही.

डफळे पुन्हा खाली बसले. रुमाल काढला, कपाळाला करकचून बांधला. मांडी घट्ट केली. आता हलायचं नाही. दुसरा धोंडा येवो, नाहीतर कुऱ्हाड.

दुसरा धोंडा आला नाही.

बऱ्याच वेळानं एका मेंढक्यानं शीळ घालून मेंढरं बाहेर काढली. पलीकडच्या म्हाताऱ्यानं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण कुऱ्हाड मात्र जमिनीला टेकवली. मग दोघं बांधाजवळ आले आणि मेंढरं कुठल्या वाटेनं न्यायची, यावर हातवारे करत भांडू लागले. नुसतं तोंडानं.

ऊन कलत होतं. डफळ्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, तरी ते उठले नाहीत.

“बाबा,” त्यांनी हळूच विचारलं, “किती वेळ बसायचं?”

“आपण इथं बसलोय, हे ते विसरेपर्यंत.”