दोर धरणारी ठकूआई

फार फार वर्षांपूर्वी, खडकओहोळ गावाला प्यायला पाणी नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. गावाने विहीर खणायला घेतली. चार माणसं तळाशी आणि रहाटाचा दोर ओढायला वर काठावर हैबती. तीस हात खोल गेल्यावर एके दुपारी कड ढासळली. हैबतीने एकट्याने तिघांना वर ओढलं, तळहातांचं कातडं दोरालाच चिकटून गेलं, असं म्हणतात. चौथा सिदू काही आला नाही.

गाव मोठं मायाळू. वाचलेल्या तिघांकडे, सिदूच्या घरी, महिनाभर माणसांची रीघ. हैबतीकडे मात्र कोणी फिरकलं नाही. तो कुठे विहिरीत पडला होता? त्याला काय धाड भरली होती?

त्याची बायको राही मात्र धास्तावली होती. घागर आपटली तरी तो ताडकन उभा राहायचा. झोपेत मुठी आवळायचा. मग एका सकाळी त्याने चार वर्षांच्या तानीच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. "पोर खाली जाईल," एवढंच म्हणाला. पोरीची कंबर सोलवटली. कोणी सोडवायला गेलं की तो दोर आणखी ओढायचा. एखाद्या दिवशी दोर पोरीच्या गळ्यात अडकला तर?

गावाने ठरवलं, सिदूचं भूत लागलंय. भूत उतरवायला भगत आला, ढोल घुमले. इथेच गाव चुकलं. तो आवाज हैबतीच्या कानात ढासळत्या कडेचा झाला. तो धावत सुटला, मागे तानी फरफटत, तिच्यामागे राही किंचाळत.

गावची सुईण ठकूआई वाटेत आडवी आली. तिने हात वर केला आणि ढोलांची कातडी आपोआप सैल पडली, असं म्हणतात. तिने गाठ सोडली नाही. पोरीला हिसका बसू नये म्हणून मधला दोर तेवढा घट्ट धरला.

"हैबती, म्या धरलाय. तू दम खा."

"सुटंल, आई."

"न्हाई सुटत. बस खाली."

"पण हा तर काठावर होता," कोणीतरी म्हणालं. ठकूआई भडकली.

"काठावर व्हता म्हनूनच! समदं ह्यानंच बघितलं. ल्हानपनी आई पुरात जाताना बी ह्यानंच बघितली. अन् येवढं हून ह्याच्या दारात कोन बसलं? भूत न्हाई, भ्या बसलंय त्याच्यात."

चाळीस दिवस ती अन्नाशिवाय दोर धरून बसली, असं म्हणतात. डोळा लागला की राही धरायची, मग शेजारणी. कोणी काही विचारलं नाही. चाळिसाव्या दिवशी हैबती आपणहून बोलला. "सिदू हाका मारत व्हता. माजं हातच चालंना." आणि तो हमसून हमसून रडला. राहीने तानीची गाठ सोडली. त्याने दोर ओढला नाही. दचकणं पुढेही राहिलं, पण तेव्हा तो एकटा नसायचा.

आजही तिथे अपघात झाला की लोक आधी जखमींकडे जातात, मग ठकूआईचं नाव घेऊन धडधाकट परतलेल्याच्या दारात बसतात. चाळीस दिवस. लागलं तर तालुक्याच्या डॉक्टरकडेही सोबत जातात.

परवा घाटात जीप उलटली. माणसं बाहेर काढणाऱ्या गेनूला साधा ओरखडा नव्हता. संध्याकाळी त्याचा ओटा भरला.

"मला काय झालंय? घरी जावा की," गेनू म्हणाला.

कोणी उठलं नाही.