शिशाचे दोन हात

जुई वर्गात दोघींशीच बोलते, या काळजीने मला झोप लागेना. सकाळी वेणी घालताना तिला गोष्ट सांगितली.

पृथ्वी अजून तापलेली होती तेव्हा कार्बनच्या घरात प्रत्येकाला चार हात होते. कार्बन चारही हातांनी दिसेल त्याला धरायचा. त्याच घरातलं वजनदार शिसं मात्र दोनच हात पुढे करायचं.

“काय शिसेराव, उरलेले दोन खिशात का?” म्हणत कार्बनने त्याचे चारही हात ऑक्सिजनच्या हातात कोंबले. शिसं बेचैन झालं. जवळ येईल त्याला ओरबाडू लागलं. दोन हात परत आत घेतले, तेव्हाच शांत झालं.

मला कार्बनला जिंकवायचं होतं, पण रसायनशास्त्र शिकलेय, खोटं कसं सांगणार?

जुईने मान वळवली. “मग माझ्या वाढदिवसाला अख्खा वर्ग कशाला बोलावलायस?”