नाक्यावरची अढी

घाटमाथ्यावरच्या जकात नाक्यात आवडाबाईच्या गाड्या अडकून पडल्या होत्या. त्या राज्यात बाहेरून येणाऱ्या कच्च्या आंब्याला हलकी जकात होती आणि पिकलेल्याला जबर. आवडाबाईने कोकणातून हिरवेगार आंबे आणले होते, पण जकातदार त्र्यंबकराव 'तपासणी चालू आहे' म्हणत आज-उद्या करत राहिले. शेवटी गाडीतल्या पेंढ्याचीच अढी झाली आणि आंबे पिवळेधमक झाले. तेव्हा कुठे त्र्यंबकराव उठले आणि एक आंबा हुंगून म्हणाले, "बाई, हा तर पिकलेला माल! जबर जकात भरा, नाहीतर इथंच नासू द्या."

आवडाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिने आवाज चढवला नाही.

"साहेब, मी आणला तो कच्चा आंबा. त्याची जकात ही घ्या. पिकलेला आंबा तुमच्या नाक्यात, तुमच्या देखरेखीखाली तयार झाला. म्हणजे तो तुमच्याच राज्याचा माल. घरच्या मालाला जकात कसली?"

खोळंबलेले गाडीवान खो खो हसले. 'नाही' म्हणावं, तर आंबे इतके दिवस कुठे होते ते सांगावं लागलं असतं. त्र्यंबकरावांनी धुमसतच अडसर वर केला.

गाडी हाकता हाकता आवडाबाई म्हणाली, "साहेब, मनात अढी ठेवू नका. आंब्यांची घातलीत तेवढी पुरे."