तिरकी बरणी

एका गावात एक विहीर होती. पाण्याची नव्हे, जमिनीतल्या तेलाची. गावाची पिठाची गिरणी त्या तेलावर चाले, शेतातले पंप त्यावर चालत आणि देवळासमोरची दगडी दीपमाळही त्याच तेलानं उजळे. गाव विहिरीला तेलाई म्हणे. शुक्रवारी तिची ओटी भरली जाई. पण विहिरीत वाकून कुणी बघत नसे. भरल्या घरात भांड्याचा तळ बघू नये, 'संपलं' हा शब्द तोंडातून काढू नये, अशी तिथली रीत होती. बादली अर्धीच भरून वर आली तर बायका म्हणत, "आई निजलीय, जरा दोर सोडा." आणि दोर लांबत जाई.

त्या गावात इंदुमती नावाची एक बाई राहत असे. व्रतवैकल्यं श्रद्धेनं करी. मोबाईलवर तिचा एक चॅनेल होता. त्यावर ती उपासाचे पदार्थ आणि पूजेची मांडणी दाखवी, आणि सगळं गाव ते आवडीनं बघे. तिची नात चिमणी बरीच मोठी होईतो पाय टाकत नव्हती. तेव्हा इंदुमती देवीला नवस बोलली होती, "पोर चालू दे, नवरात्रात तेलाईच्या तेलानं सगळी दीपमाळ उजळीन." औषधं चालू होती, देवाचंही चालू होतं. एक दिवस चिमणी उंबरा धरून उठली आणि चालू लागली. नवस आता येत्या नवरात्रात फेडायचा होता.

अशात तिला नेटवर एक लेख दिसला. शहरातल्या कुणी अभ्यासक बाईंनी गावोगावच्या तेलविहिरींवर तो लिहिला होता, त्यात याही विहिरीचं नाव होतं. इंदुमतीनं दोनदा वाचला. शब्द इतके जड की चष्मा पुसूनही काही उमगेना. शेवटी तिनं लेखाखालच्या नंबरावर फोन लावला.

"मॅडम, तुमचं खरंच असेल. पण मला कळेल असं सांगा की."

मॅडम हसल्या. "काकू, पावसानं पाण्याची विहीर भरते. तेलाची भरत नाही. पृथ्वीनं कधीकाळी साठवून ठेवलं तेवढंच. तुमच्या विहिरीत आता थोडंच उरलंय."

इंदुमती स्वयंपाकघरात गेली. फोडणी करायला तेलाची बरणी उचलली. तेल तळाशी होतं, बरणी तिरकी करावी लागली. तिचा हात तसाच थांबला.

दुसऱ्या दिवशी तिनं चॅनेलवर तीच बरणी दाखवली. म्हणाली, "बायांनो, आमच्या घरी तो शब्द काढत नाहीत. म्हणून मी नुसती बरणी तिरकी करून दाखवते. आपली तेलाई आता अशी झालीय. बरणी तिरकी झाली की आपण काय करतो? हात आखडता घेतो. एवढंच सांगायचंय." जड लेख कुणी वाचला नव्हता, ही बरणी मात्र घराघरात कळली.

सरपंच दारात आले. "काकू, तुम्ही आपलं साबुदाण्याचं दाखवा. तेलाचं आम्ही बघतो."

"बघताय कुठं, भाऊ? विहिरीवर वाकलेलं तर कुणी दिसलं नाही मला."

सरपंच आल्या वाटेनं परत फिरले. पण शेजारची गंगूबाई कुंपणावरूनच बोलली, "वहिनी, आम्हाला हात आखडायला सांगता. मग तुमच्या नवसाची दीपमाळ? ती पेटवणार ना सगळी?"

इंदुमतीनं मागे वळून पाहिलं. अंगणात चिमणी दुडदुडत होती, पायांतले वाळे वाजत होते. नवस मोडला आणि त्या पायांना काही झालं तर? आणि दीपमाळ पेटवली तर उद्या कोणत्या तोंडानं बरणी दाखवायची?

ती देवळात गेली. म्हाताऱ्या गुरवबाबांपुढे बसून सगळं सांगितलं. बाबा वाती वळत होते.

"पोर चालतंय ना?" त्यांनी विचारलं.

"चालतंय."

"मग आईनं आपलं काम केलं. तिनं काही विहीर मागितली नव्हती, बाई. दीपमाळ तुम्ही बोललात. आता तुमचं तुम्ही ठरवा." आणि त्यांनी वळलेल्यांतली एक वात तिच्या हातावर ठेवली.

घटस्थापनेच्या संध्याकाळी सारं गाव देवळासमोर जमलं. इंदुमती काय करते ते बघायला जास्त, दर्शनाला कमी. तिनं एकच निरांजन लावलं. हात जोडले आणि देवीला मोठ्यानं सांगितलं, "आई, तेल संपत आलंय." जन्मात पहिल्यांदा तिनं तो शब्द उच्चारला होता. माणसं चुळबुळली. मग तिनं निरांजन चिमणीच्या हाती दिलं.

चिमणी वाळे वाजवत निघाली. मध्ये अडखळली, सावरली. जिच्या पायांसाठी नवस होता, तीच आपल्या पायांनी दिवा घेऊन गेली आणि दीपमाळेच्या पायरीवर ठेवून आली. एवढ्या मोठ्या दीपमाळेवर तो एकच दिवा, पण सगळ्यांना पुरेसा दिसत होता.

गंगूबाईनं दीपमाळेत ओतायला आणलेला तेलाचा डबा न उघडताच पदराखाली घेतला. हळूच म्हणाली, "वहिनी, फिटला हो तुमचा नवस."

दुसऱ्या दिवशी सरपंच विहिरीवर वाकले. तेव्हापासून दर शुक्रवारी ओटी भरून झाली की इंदुमती विहिरीत सोडलेला दोर किती भिजला ते चॅनेलवर दाखवी, आणि त्या मॅडमही लिहिलेलं आधी तिला फोनवर वाचून दाखवत. गावानं तेल जपून वापरलं. विहीर खरोखर आटली तोवर गिरणी आणि पंप उन्हाच्या विजेवर चालू लागले होते. कुणाचीच चूल अडली नाही. त्या शुक्रवारीही बायकांनी तेलाईची ओटी भरली, आणि दीपमाळेवर एक दिवा लागला.

तात्पर्य: जे सरत आले आहे ते सर्वांना उमगेल अशा शब्दांत सांगणे अशुभ नाही, ती सेवाच आहे, पण सांगणाऱ्याने आधी आपला दिवा लहान करावा, म्हणजे ते सांगणे घराघरात पोचते.