दहिवरचं लंगडणं

फार फार पूर्वी, ढग जिथं रोज सकाळी नदीवर उतरायचे, अशा एका डोंगरगावात एक घोडेवाला राहत होता. त्याची एकुलती लेक पायाला भिंगरी लागल्यागत हिंडायची, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिचा जीव की प्राण म्हणजे दहिवर, दवासारखा पांढराशुभ्र घोडा. धुक्यात त्याचं अंग दिसायचंच नाही, नुसते दोन काळेभोर डोळे तरंगत यायचे. त्याच्या पाठीवर आडवी झाली की भिंगरीला वाटायचं, आपण ढगावरच निजलोय.

पण दहिवर होता देवीचा. तो जन्मला तेव्हाच गावानं तसं बोलून ठेवलं होतं. मोठा झाला की जत्रेत पालखीपुढं चालायचं आणि मग कायमचं डोंगरावरच्या देवळात राहायचं.

"बाबा, मी नाही हं देणार!"

"देवीचं देवीला द्यावं, पोरी. आपण नुसते सांभाळणारे."

यावर गप्प बसेल ती भिंगरी कसली! नदीकाठी ती दहिवरला गुपचूप लंगडायला शिकवू लागली. एक पाय उचलून चालला की गुळाचा खडा. महिन्याभरात भिंगरी दिसली रे दिसली की गडी असा झकास लंगडायचा, की बघणाऱ्याला रडू यावं!

जत्रेला पुजारीबुवा त्याला न्यायला आले. भिंगरी समोरच उभी. दहिवर लंगडत लंगडत अंगणात आला.

"अहो, काल तर धावत होता!" बाबा कळवळले.

"अरेरे! लंगडा घोडा देवीला चालत नाही. राहू दे तुमच्याकडेच," पुजारीबुवा म्हणाले.

भिंगरीला आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात गावचा वैद्य पुढं सरसावला. "पायात वात शिरलाय. तापल्या विळ्याचे दोन डाग देऊ."

विळा लालभडक झाला. बाबांनी लगाम घट्ट धरला. दहिवरला बिचाऱ्याला काय कळणार? गूळ मिळेल म्हणून तो भिंगरीला पुन्हा पुन्हा पाय उचलून दाखवत होता.

भिंगरीला कळत होतं, आता नुसतं गप्प राहायचं, की दहिवर जन्मभर आपला. पण विळा जवळ आला तशी ती किंचाळली, "थांबा! त्याला काही झालेलं नाही! मीच शिकवलंय त्याला लंगडायला!"

"मग नीट चालवून दाखव," पुजारीबुवा म्हणाले.

"मी दिसले की तो लंगडतो," ती हुंदके देत म्हणाली. "मी घरात जाते. मग न्या त्याला."

तिनं आत जाऊन दार लावलं आणि दाराला कान लावला. बाहेर टापा वाजल्या, लांब गेल्या, धुक्यात विरल्या. भिंगरीला रडू आवरेना. पण एकही टाप चुकली नाही, हे तिनं नीट ऐकलं.

तात्पर्य: ज्याच्यावर माया करावी, त्याला जवळ ठेवण्यासाठी लंगडं करू नये.