टेबलावरचा तबला

जळगावचे पंपवाले दिगंबरशेठ नेहेते यांना वाट पाहायची सवय नव्हती. हाँगकाँगचे वृद्ध व्यापारी लाउ त्यांच्याशी करार करणार होते, म्हणून त्यांनी शेठना तिथल्या एका जुन्या, नामांकित कँटनीज हॉटेलात जेवायला नेलं.

वाढणारी बाई चहा ओतू लागली की शेठ ‘जेवण आणा लवकर’ म्हणून टेबलावर बोटांनी तबला वाजवायचे. बाई हसून मान लववायची आणि निघून जायची. दर वेळी तेच. अखेर शेठ भडकले आणि शेजारी बसलेल्या दुभाषी वासंती कर्णिकांना म्हणाले, “लाउंना सांगा, ही बाई माजोरी आहे. हिला आत्ताच्या आत्ता काढायला लावा, नाहीतर करार विसरा.”

“सांगते,” वासंतीबाई म्हणाल्या, “पण त्यांना पटायचं नाही. इथे चहा ओतताना टेबलावर बोटं वाजवली की आभार मानल्यासारखं होतं. इतका नम्र पाहुणा पाहिला नाही, असं लाउ मघाशीच म्हणत होते.”

शेठची बोटं हवेतच राहिली. “मग हिला बोलवायचं तरी कसं?”

“किटलीचं झाकण उघडं ठेवायचं,” वासंतीबाई म्हणाल्या, “आणि तोंड बंद.”

शेठनी निमूटपणे झाकण सरकवलं. बाई लगेच आली. तिने चहा ओतला तेव्हा शेठनी दोन बोटं हळूच वाजवली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसले.

समोर लाउंनी खिशातून पेन काढलं.