वेशीवरची खूण

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा माळ मोठे होते आणि वाड्या लहान होत्या. माळावरचे गवत माणसाच्या कमरेला लागे आणि त्या गवतात लांडगे राहत.

अशाच एका माळाच्या कडेला मेंढपाळांची वाडी होती. वाडीभोवती बोरी-बाभळीच्या फांद्यांचे कुंपण होते आणि आत शिरायच्या वाटेवर एक उभा दगड होता. त्या दगडालाच सगळे वेस म्हणत. दगडावर, जमिनीपासून फार उंच नाही अशा जागी, छिन्नीने कोरलेली एक आडवी खूण होती.

ती खूण कुत्र्यांसाठी होती.

दर वर्षी लोकर कातरून झाली, की वाडीतली वर्षाची झालेली कुत्री वेशीपाशी आणत. एकेकाला दगडाला लागून उभे करत. डोके खुणेला पोचले, तर त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधत आणि जन्मभराची त्याची भाकरी वाडी देई. डोके खुणेच्या खाली राहिले, तर त्याला ओढ्यापलीकडे माळात सोडून येत. ओढ्यापलीकडून परत आलेले कुत्रे कोणी पाहिले नव्हते.

हा नियम कारभाऱ्याने घातला होता. कारभारी वाडीचा मुख्य. माणूस न्यायाचा. चराईची वाटणी करताना त्याने कधी स्वतःच्या मेंढरांना झुकते माप दिले नाही, की कोणावर आवाज चढवला नाही. म्हणून त्याच्या नियमाला कोणी नाही म्हटले नाही. शिवाय नियमामागचे कारण सगळ्यांना माहीत होते. त्याचा एकुलता एक मुलगा नुकताच चालायला लागला होता, तेव्हा लांडग्याने भर दिवसा त्याला उचलून नेले. राखणीला होते एक लहानसे कुत्रे. ते नुसतेच भुंकत राहिले. त्यानंतर कारभाऱ्याने छिन्नी हातात घेतली आणि वेशीवर खूण कोरली.

एवढे वाडीला माहीत होते. याहून जास्त फक्त कारभारणीला माहीत होते आणि ती फारशी बोलत नसे.

आता गोष्ट आहे ती या कारभारणीची.

आदल्या वर्षीच्या थंडीत कुत्र्याचे एक मादी पिल्लू तिच्या घोंगडीत येऊन निजले. कुठून आले, कोणाचे होते, कळले नाही. लाल अंग, काळे तोंड, गुंजेसारखे. तिने त्याचे नाव गुंजी ठेवले. गुंजी दिवसभर तिच्या पायात घोटाळायची आणि ती सूत कातायला बसली, की मांडीत शिरून वेटोळे करून निजायची.

गुंजी वर्षाची झाली आणि कातरणीचा उन्हाळा जवळ आला, तशी कारभारणीला काळजी वाटू लागली. तिने गुंजीला दूध-भाकरी घातली, लपवून तूपसुद्धा घातले. गुंजी वाढली, पण रुंदीला. रोज पाण्याला जाताना कारभारीण तिला दगडाजवळून न्यायची आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची. खूण होती तिथेच असायची. गुंजीचे कान तिच्या खूप खाली हलत असायचे.

मोजणीच्या आदल्या सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "कारभारी, गुंजीचं काय?"

तो काठीला तेल लावत होता. मान वर न करता म्हणाला, "सगळ्यांचं जे, तेच तिचं."

"ती माझ्या मांडीत मावते. मला तेवढीच बरी वाटते."

"मांडीत मावणारं कुत्रं लांडग्याच्या तोंडातही मावतं," तो म्हणाला. "घरात एक नियम आणि वेशीवर दुसरा, असं मी करणार नाही. मागू नकोस."

तिने मागितले नाही.

मोजणीचा दिवस उजाडला. वाडीतले एकूण एक माणूस वेशीपाशी लोटले. एकूण एक कुत्रेही तिथेच होते. कारण जुन्या कुत्र्यांचे झिजलेले पट्टे त्याच दिवशी बदलत. सगळी ओळीने मेखांना बांधली होती. बाकी वाडी मोकळी पडली होती.

लोकांच्या गप्पांना ऊत आला होता. कमरेत वाकलेला एक म्हातारा आपल्या थोराड कुत्र्याच्या डोक्यावर हात टेकून उभा होता. त्या कुत्र्याचे नाव बुरूज.

"कुत्रं कसं हवं?" म्हातारा म्हणाला. "हात खाली सोडला, की डोकं आपोआप हाताशी यावं. वाकावं लागता कामा नये."

"तुम्ही वाकलेलेच आहात, आजोबा," कुंभार म्हणाला. "तुम्हाला उंदीरही पुरेल. माझं विचाराल, तर कुत्रं असं हवं, की शेपूट हलवली तरी मडकं फुटू नये. मागच्या कुत्र्यानं मला पाहून एवढा आनंद केला, की एक अख्खी भट्टी आनंदात गेली!"

लोक हसले. एक तरुण सून पदराआडून म्हणाली, "मला तर सासूबाईंना दिसणार नाही एवढं चालेल."

"मला सगळं दिसतं गं, पोरी!" मागून सासू ओरडली आणि हशा दुप्पट झाला.

कारभारीण हसली नाही. ती मनात म्हणाली, ज्याच्या त्याच्या कुत्र्याची उंची ज्याच्या त्याच्या अडचणीएवढी. आणि ठरवणार एकटा दगड.

मोजणी सुरू झाली. पहिले कुत्रे पोचले. दुसरेही पोचले. तिसऱ्याने मान ताणली तेव्हा कसेबसे पोचले आणि त्याच्या मालकाने सुटकेचा श्वास सोडला. मग गुंजीची पाळी आली.

कारभाऱ्याने स्वतः दोर हातात घेतला आणि तिला दगडाशी उभे केले. खूण आणि तिचे डोके यांमध्ये एक वीतभर दगड उघडा राहिला. आता कोणी हसले नाही. सगळे कारभारणीकडे बघत होते आणि ती गुंजीकडे.

"ओढ्यापलीकडे," कारभारी म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता.

त्याच क्षणी गुंजी वळली. तिने कान टवकारले. वाडीच्या दुसऱ्या टोकाला, मेंढरांच्या कोंडवाड्यामागे कडब्याची गंजी होती, तिकडे तोंड करून ती भुंकू लागली. ती पाय रोवून दोर ताणू लागली. गळ्याला फास बसला तरी थांबेना. बाकीची मोठी कुत्री आपापसांत गुरगुरत होती. बुरूज तर जांभई देत होता. वारा वेशीकडून कोंडवाड्याकडे वाहत होता, त्यामुळे कोणालाच काही वास येत नव्हता. तिने नाकाने काही हेरले नसावे. तिच्या कानांनीच काहीतरी टिपले होते.

"बघा," कारभारी लोकांना म्हणाला, "हे असं असतं लहान कुत्र्याचं. काही नसताना भुंकायचं."

 हा आवाज कारभारणीने पूर्वी एकदा ऐकला होता. असाच भर दिवस होता.

ती पुढे झाली. "दोर सोडा."

"मागे हो."

"सोडा, कारभारी. त्या दिवशीही कुत्रं असंच भुंकत होतं. आपण दोघं ओसरीवर लोकर पिंजत होतो. तुम्ही म्हणालात, लहान आहे, वाऱ्यावर भुंकतंय. आणि मी हसले." तिचा आवाज चढला नाही. "त्या कुत्र्यानं त्याचं काम केलं होतं. उठलो नाही ते आपण."

एवढ्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारले नव्हते. आता ते भर वेशीवर, सगळ्या वाडीसमोर येऊन पडले. कारभाऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला.

ती लोकांकडे वळली. "आपापली पोरं बघा. कोणाचं पोर इथं नाही?"

आया मुलांना जवळ ओढू लागल्या. त्या तरुण सुनेने सासूकडे पाहिले. "तान्या तुमच्यापाशी होता ना?"

"माझ्यापाशी?" सासू म्हणाली. "मला वाटलं, तुझ्या कडेवर आहे."

सून किंचाळली.

कारभाऱ्याच्या मुठीतून दोर सुटला. त्याने सोडला की आपसूक सुटला, हे त्यालाही सांगता आले नसते. गुंजी लाल ठिणगीसारखी निघाली. कारभारणीने बुरुजाच्या मेखेकडे धाव घेतली आणि गाठ उकलू लागली.

"अगं, त्याला सोडू नकोस!" म्हातारा ओरडला. "तो सुटला, की समोर माणूस आहे की जनावर, बघत नाही!"

"तो बघणार नाही, पण गुंजी बघेल," ती म्हणाली. गाठ सुटली. बुरुजाने एकदा इकडे-तिकडे पाहिले. कुठे जायचे ते त्याला कळेना. मग दूरवरून गुंजीचे भुंकणे ऐकू आले आणि तो त्या आवाजामागे धावला.

माणसे पोचली तेव्हा त्यांना दिसले ते असे. कुंपणाला खालच्या अंगाला एक भगदाड होते. पलीकडे गवतात लांडगा होता आणि त्याच्या तोंडात तान्याचे अंगडे होते. आत पोर लोंबत होते. गुंजी भगदाडातून पार झाली होती आणि तिने लांडग्याच्या मागच्या पायाला दात रुतवले होते. लांडगा गोल फिरत होता, गुंजी त्याच्यासोबत फरफटत होती, पण सोडत नव्हती. शेवटी तिला झटकण्यासाठी त्याला पोर टाकावे लागले. त्याने मान वळवून तिला उचलले आणि भिरकावून दिले.

माणसे काट्यांच्या अलीकडेच अडली होती; पलीकडे आता दुसरे कोणीच नव्हते. फक्त पोर आणि लांडगा.

तेवढ्यात बुरूज आला. भगदाडात तो मावण्यासारखा नव्हता. तो काट्यांतून सरळ आरपार गेला, अंगावर फांद्या घेऊन, रक्तबंबाळ. एका धडकेत त्याने लांडग्याला लोळवले. लांडगा उठला, त्याने एकदा दात दाखवले आणि गवतात दिसेनासा झाला.

मग तान्याने भोकाड पसरले. ते रडणे ऐकून साऱ्या वाडीचा जीव भांड्यात पडला. अंगडे फाटले होते, पोराला ओरखडा तेवढा होता.

कारभारीण गवतात गुंजीला शोधत होती. ती सापडली तेव्हा तिचा मागचा पाय विचित्र वळला होता, पण शेपटीचे टोक हलत होते. कारभारणीने तिला ओटीत घेतले.

सगळे वेशीपाशी परतले. सून पोराला छातीशी धरून आली. ती दगडापाशी मटकन बसली आणि तिने पोराला खाली सोडले. तान्याने आधारासाठी हात टेकले आणि तो दगडाला धरून उभा राहिला, डळमळत, नाक ओढत.

त्याचे डोके बरोबर खुणेला लागले होते.

कारभारी पाहतच राहिला. त्याने डोळे मिटले, पुन्हा उघडले. पोर तिथेच उभे होते.

"ही कुत्र्याची उंची कधीच नव्हती," कारभारीण हळूच म्हणाली. "याच दगडापाशी तुम्ही आपल्या लेकराला कोळशानं मोजलं होतंत. तो गेल्यावर त्याच कोळशाच्या रेघेवर छिन्नी चालवलीत. तेव्हापासून तुम्ही तिथं कुत्री उभी करताय."

 वाडीला हे आजच कळत होते.

कारभारी म्हणाला, "किती कुत्र्यांची डोकी पोचली तिथं. दर वेळी वाटायचं, आता बरं वाटेल." मग त्याने तिच्या ओटीकडे पाहिले. "आणि तुला मांडीत मावेल एवढंच हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही लेकराची उंची जपलीत. मी त्याचं वजन."

तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. त्याने फेटा सोडला, त्याची पट्टी फाडली आणि गुंजीचा पाय बांधायला घेतला. तिने गाठ धरून ठेवली.

त्या वर्षी कोणत्याही कुत्र्याला ओढ्यापलीकडे नेले नाही. पुढेही कधी नेले नाही. वाडीत मोठी कुत्री राहिली, लहानही राहिली. लहानांनी ऐकावे आणि मोठ्यांनी धावावे, असे आपोआप ठरून गेले. आणि कोणतेही कुत्रे भुंकले, की हातातले काम टाकून उठायचे, हा वाडीचा नवा नियम झाला. तोही कारभाऱ्यानेच घातला आणि सगळ्यांत आधी उठायचा तोच.

खूण मात्र कोणी पुसली नाही. पोर चालू लागले, की आया त्याला तिथे उभे करत आणि डोके खुणेच्या वर गेले, की गूळ वाटत.

गुंजी लंगडत का होईना, पुष्कळ जगली. कुंभाराच्या मडक्यांतून ती शेपटी सांभाळून चाले, अशी ख्याती होती. ती कारभाऱ्याच्या हातून भाकरी खाई. पण रोज संध्याकाळी तो आणखी एक भाकरी घेऊन ओढ्यापर्यंत जाई आणि पलीकडच्या काठावर ठेवून येई. सकाळी बहुधा ती तशीच असे. तरी तो दुसऱ्या दिवशी ताजी घेऊन जाई.

म्हणून लहान-थोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: आपल्या दुःखाची उंची हे दुसऱ्याच्या जिवाचे माप होऊ शकत नाही.